झाकण मिटू नका

भूमितीच्या तासाला माझ्या वर्गात एकच कायदा चालतो: काढलंत ना, आता ओढून बघा.

संगणकाच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा आहे. ॲपमध्ये त्रिकोण काढायचा, त्याच्या तिन्ही टोकांतून जाणारं वर्तुळ काढायचं, आणि मग एक टोक धरून ओढायचं. ज्याने नुसत्या नजरेच्या अंदाजाने वर्तुळ बसवलेलं असतं, त्याचं टोक बाहेर निघून जातं, बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरासारखं. ज्याने बाजूंचे लंबदुभाजक काढून, ते भेटतात तिथे केंद्र धरलेलं असतं, त्याचं वर्तुळ टोकाच्या मागे मागे जातं. मोठं होतं, लहान होतं, पण तिघांनाही सोडत नाही. नववीच्या पोरांनी या परीक्षेचं नाव ‘ओढाताण’ ठेवलं आहे. “मॅडम, माझी ओढाताण करा ना,” म्हणत रांग लावतात. माझी स्वतःची ओढाताण कोण करतं ते त्यांना ठाऊक नाही. तो घरी असतो, सव्वा वर्षाचा आहे आणि त्याला आम्ही बोका म्हणतो.

मोठ्या सरांना हे पडद्यावरचं गणित फारसं पटलेलं नव्हतं. मोठे सर म्हणजे आमच्या गणित विभागाचे प्रमुख. फळ्यावरचा लाकडी कंपास खांद्यावर टाकून वर्गात शिरतात, पोरं त्यांना मागून ‘कर्कटक’ म्हणतात, आणि हे त्यांना माहीत असून आवडतं.

“मॅडम, चित्र हललं म्हणजे डोकं हललं असं नसतं,” ते मला म्हणाले होते. “आणि तुमच्या पडद्यावर खाडाखोड दिसत नाही. कागदावर पोराने काय खोडलंय ते बघून मला कळतं, गाडी कुठे अडली. तुमच्याकडे सगळं कसं घासल्या भांड्यासारखं लख्ख.”

“पण सर, हलवून खुंटा बळकट करायचा तर तो हलवायला तर हवा,” मी म्हटलं. “फळ्यावरचा त्रिकोण कसा हलवणार?”

ते हसले. मग नववीच्या शेवटच्या चाचणीत एक प्रश्न पडद्यावरचा ठेवायला त्यांनी परवानगी दिली. तीच कृती, घरी करून पाठवायची: असं वर्तुळ काढा की मी कोणतंही टोक ओढलं तरी ते साथ सोडणार नाही. संधी एकदाच, सगळ्यांना सारखी.

या चाचणीवर बरंच काही टांगलेलं होतं. आमच्याकडे नववीनंतर गणिताचे दोन गट पडतात. एक पूर्ण गणिताचा, दुसरा सोप्या गणिताचा. सोप्या गणितात वाईट काही नाही, पण त्या दारातून गेलं की पुढची बरीच दारं बंद होतात. नकाशे, इमारती, यंत्रं, सगळी.

आणि नकाशेच काढायचे होते खोडरबरला.

खोडरबर हे वर्गाने ठेवलेलं नाव. शेवटून दुसऱ्या बाकावरची मुलगी, दोन घट्ट वेण्या, आवाज असा की पुढच्या बाकापर्यंत पोचेपर्यंत विरून जावा. तिचे वडील घराघरांतून फरशी बसवतात, आणि लहानपणी त्यांच्यासोबत जाऊन रिकाम्या खोल्यांची मापं बघत बसायची ती, असं तिने मला एकदा सांगितलं होतं. हुशार आहे. पण उत्तर लिहिते, त्याच्याकडे बघते आणि खोडते. पुन्हा तेच लिहिते, पुन्हा खोडते. घंटा होते तेव्हा कागदाला भोक पडलेलं असतं आणि बरोबर उत्तर बाकाखाली भुग्यात पडलेलं असतं. लेखी परीक्षेत ती भोकाला मार्क मागू शकत नाही आणि मी देऊ शकत नाही. ती काठावर होती. या एका कृतीने अलीकडे किंवा पलीकडे.

म्हणूनच परवा संध्याकाळी कामं तपासायला बसले तेव्हा तिचं चित्र मी मुद्दाम जरा मागे ठेवलं. गोडाचा घास शेवटी ठेवावा तसं. बोका चटईवर होता, सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या, नवऱ्याची दुपारची पाळी असल्याने तो यायचा होता. लॅपटॉप बुटक्या स्टुलावर. एकेक चित्र उघडायचं, टोक ओढायचं, मार्क टाकायचे. बहुतेकांची टोकं बाजारात हरवत होती. मग खोडरबरचं चित्र उघडलं. पडद्यावर मधोमध मोठं गोल वर्तुळ आलं, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून जळका वास आला. दूध.

दूध उतू गेलं की नुसतं दूध जात नाही, शेगडी, ओटा आणि अर्धी संध्याकाळ घेऊन जातं. मी पुसत होते तेव्हा आतून बोक्याच्या रडण्याचा आवाज आला. साधं रडणं नव्हतं, काहीतरी लुबाडलं गेल्याचं होतं. मी फडकं टाकून धावले. सासूबाईंच्या कडेवरून तो लॅपटॉपकडे हात करून “बॉ, बॉ” करत होता.

“चेंडू मागतोय,” मी म्हटलं आणि कपाटाखालून त्याचा लाल चेंडू काढून दिला. त्याने तो माझ्याच दिशेने भिरकावला.

“दात येताहेत गं, म्हणून,” सासूबाई म्हणाल्या. आमच्या घरात गेल्या कित्येक महिन्यांपासून सगळ्याला दातच जबाबदार आहेत.

मी लॅपटॉप न बघता उचलला आणि बोक्याच्या हाताला लागू नये म्हणून कपाटावर ठेवला, चार्जर लावून, उघडाच. उघडाच, कारण आमचा लॅपटॉप म्हातारा आहे. झाकण मिटलं की तो डोळे मिटतो ते कायमचे. पुन्हा चालू करावा लागतो आणि आधी काय चाललं होतं ते त्याला आठवत नाही. चार्जर काढला की अर्धा तास जेमतेम जगतो. उरलेली कामं उद्या शाळेत तपासू, असं म्हणून मी बोक्याला खांद्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोकळ्या तासाला मी आणि मोठे सर संगणकाच्या खोलीत बसलो. सगळी कामं दोघांनी मिळून बघायची असं ठरलं होतं. सर पुढच्या बाकावर, मांडीवर कंपास, मी माऊस घेऊन. खोडरबरचं नाव आलं तेव्हा मी जरा सरसावून बसले.

भिंतीवर जे उघडलं ते चित्र नव्हतं. दोन बिंदू, त्यांना जोडणारी एक रेघ, आणि बाकी सगळीकडे ठिपके. एका कोपऱ्यात घोळका, दुसऱ्या कोपऱ्यात घोळका. वर्तुळाचं नाव नाही.

“माशा बसल्यात,” सर म्हणाले.

“सर, असं नसेल. एक मिनिट.”

मी ओढून बघितलं. ओढण्यासारखं काही नव्हतंच. रेघ हलली, माशा तिथेच बसून राहिल्या.

“मॅडम, मला वाईट वाटतं,” सर म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटलं होतं. “पण त्रिकोणच नाही तिथे परिवर्तुळ कुठलं? शून्य टाका. शेवटच्या घंटेला गटांची नावं बाईंकडे जायची आहेत.”

बाई म्हणजे मुख्याध्यापिका. एकदा त्यांच्याकडे गेलेलं नाव परत येत नाही.

मधल्या सुट्टीत मी खोडरबरला व्हरांड्यात बोलावलं. रागावायचं नाही असं ठरवून गेले होते, तरी आवाजात थोडं आलंच.

“काय पाठवलंस गं तू?”

“वर्तुळ, मॅडम.”

“ओढून बघितलं होतंस?”

“हो. तिन्ही टोकं. सुटत नव्हतं.”

“मग ते ठिपके कसले? सगळीकडे ठिपकेच ठिपके आहेत.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही, भांडली नाही. तिच्या चेहऱ्यावर एक विचार हळूहळू पसरताना मला दिसला. ती स्वतःवरच संशय घेऊ लागली होती. काल बरोबर होतं ते आज तिच्या डोक्यात खोडलं जात होतं.

“माझंच काहीतरी चुकलं असेल, मॅडम,” ती म्हणाली. “जाऊ दे. सोपं गणित घेते.”

मी काही बोलायच्या आत घंटा झाली.

जेवणाच्या सुट्टीत सासूबाईंचा फोन येतो. रोज येतो. बोक्याने काय खाल्लं, काय थुंकलं, किती झोपला, याच्या बातम्या. त्या दिवशी मी डबा उघडून, न खाताच ऐकत होते.

“अर्धी वाटी भात खाल्ला. उरलेला माझ्या केसांत आहे. आणि कालचा राग अजून गेला नाही त्याचा. कपाटाकडे बोट दाखवून बॉ-बॉ करतोय.”

“चेंडू द्या ना त्याला.”

“तो चेंडू नकोय गं त्याला. तुझ्या पडद्यावरचा हवाय. काल केवढा मोठा गोल होता, त्याला वाटलं चेंडू. दोन्ही हातांनी उचलायला गेला. उचलला जाईना म्हणून एक थापट मारली. मग खालच्या बटणांवर अशी काही फतकल मारली की चेंडू गेला. मग तो शोधत पडद्यावर थापट्या मारत सुटला, सापडेना म्हणून तर एवढा रडला.”

मी उभी राहिले. डब्याचं झाकण खाली पडून लांबपर्यंत गरगरत गेलं.

आमच्या लॅपटॉपचा पडदा बोटाने चालतो. ॲप आपलं आपण चित्र जपत जातं, शेवटचं तेवढं ठेवतं, आधीचं विसरतं. बोक्याची पहिली थापट त्रिकोणाच्या टोकावर बसली, आणि त्यावर पुसायच्या बटणावर फतकल. टोक पुसलं गेलं की त्याच्या जोरावर उभं असलेलं सगळं जातं: बाजू, लंबदुभाजक, केंद्र, वर्तुळ. मग चेंडू शोधत त्याने मारलेल्या थापट्यांच्या माशा झाल्या.

“आई,” मी म्हटलं, “लॅपटॉप कुठाय?”

“आहे की कपाटावर. मी आत्ता तो चार्जर काढणारच होते, कालपासून वीज खातोय.”

“आई, हात लावू नका. चार्जर काढू नका. झाकण मिटू नका.”

“अगं, आग लागल्यासारखी काय करतेस?”

मी त्यांना सांगितलं. लॅपटॉप कालपासून जागा आहे, म्हणजे ते पान अजून उघडं आहे. वरच्या कोपऱ्यात मागे वळलेला एक बाण असतो. तो दाबत गेलं की आपण केलेलं एकेक पाऊल मागे जातं. बोक्याची पावलं मागे घेत गेलं तर तळाशी खोडरबरचं वर्तुळ असणार. पण पान एकदा बंद झालं की बाणही गेला.

“मग मी दाबते बाण. सांग कुठला.”

क्षणभर मोह झाला. पण मग ते बघणार कोण? सर बघत नसताना घरून एकदम चांगलं वर्तुळ आलं, तर कोणीही म्हणेल की मॅडमनीच काढलं असणार. आणि त्याचं काही चुकलं नसतं.

“नको. मोठ्या सरांच्या डोळ्यांसमोरच व्हायला हवं. आई, तुम्ही तो इकडे आणू शकाल? उघडाच?”

मग सासूबाई म्हणाल्या, “उघडाच म्हणजे पूजेच्या ताटासारखा?”

“हो. आणि चार्जर नसला की तो लगेच झोपतो, पडदा काळा पडू द्यायचा नाही. मध्ये मध्ये कडेला बोट फिरवायचं. चित्राला नाही लावायचं.”

“आणि तुझा हा बोका? त्याला कपाटावर ठेवू?”

“आई, प्लीज.”

“येते,” त्या म्हणाल्या. “त्या पोरीचा चेंडू माझ्या डोळ्यांदेखत फुटलाय, मलाच आणायला हवा.”

मोठे सर वर्ग संपवून बाहेर पडत होते. हातांना खडू, खांद्यावर कंपास. मी वाटेत गाठलं. चार वाक्यं मनात जुळवली होती, ती सगळी पळाली.

“सर, ते ठिपके खोडरबरने काढलेले नाहीत. माझ्या मुलाने काढलेत.”

“तुमचा मुलगा?” सर थांबले. “कितवीत आहे?”

“त्याला अजून दात येताहेत, सर.”

सरांनी कंपास खांद्यावरून उतरवला आणि भिंतीला टेकवला. “मॅडम, या नोकरीत माझे केस पिकले. धाकट्या भावाने वही फाडली, धाकट्या बहिणीने पाणी सांडलं, बाळाने पान खाल्लं. सगळ्या सबबी ऐकून झाल्या. शिक्षिकेकडून ऐकायची तेवढी राहिली होती.”

सबब हीच होती, दुसरी नव्हती. आणि ज्या मुलीला ही सबब सांगायचा पहिला हक्क होता तिने ती सांगितली नव्हती. ‘माझंच चुकलं असेल’ म्हणाली होती.

“सर, मी तुम्हाला विश्वास ठेवा म्हणत नाही,” मी शेवटी म्हटलं. “फक्त बघा. लॅपटॉप निघालाय घरून. तळाशी वर्तुळ नसेल तर मी स्वतः शून्य टाकते.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. “शेवटच्या घंटेआधी?”

“आधी.”

“तिलाही बोलवा मग. जे काही निघेल ते तिच्यासमोर निघू दे.”

शाळेपासून आमचं घर लांब नाही. तरी मी फाटकाशी उभी होते तेव्हा रस्ता मला वाढल्यासारखा वाटत होता. खोडरबर माझ्या शेजारी, दोन्ही वेण्या हातात धरून. तिला मी सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, “बाळाला लागलं नाही ना, मॅडम?”

मग कोपऱ्यावरून सासूबाई वळल्या. त्यांच्या कडेवर बोका होता आणि पुढे बाबागाडी होती. बाबागाडीत उशीला टेकून, पट्टा लावून, दुपट्ट्याने पायांपर्यंत झाकून लॅपटॉप बसला होता. उन्हासाठी छत्रीही ओढलेली. त्या एका हाताने गाडी ढकलत होत्या, आणि चार पावलांवर वाकून पडद्याच्या कडेला अलगद एक बोट फिरवत होत्या, गालाला लावावं तसं. रस्त्यातल्या एका बाईने थांबून आत डोकावून बघितलं. काय बोलली कळलं नाही, पण सासूबाईंचं उत्तर आम्हाला फाटकापर्यंत ऐकू आलं.

“आजारी आहे. बोलू नका, उठेल.”

खोडरबर हसली. नऊ महिने मी तिला शिकवतेय, तिचा हसण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बोलण्याच्या आवाजापेक्षा बराच मोठा होता.

“वाटेत पायऱ्या होत्या तिथे काय केलंत?” मी विचारलं.

“पोराला उभं केलं आणि ह्याला उचललं. आयुष्यात पहिल्यांदा नातवाला खाली ठेवून यंत्र कडेवर घेतलं. तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस.”

पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं. आम्ही बाबागाडी तशीच व्हरांड्यातून पळवली. वर्गांच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. संगणकाच्या खोलीत सर उभे होते. चार्जर सासूबाईंनी पदराला बांधून आणला होता, तो मी भिंतीत खोचला आणि लाल चिन्ह हिरवं झालं.

लॅपटॉपवर त्याच माशा होत्या. दोन बिंदू, एक रेघ, बाकी ठिपके.

“हे तर सकाळचंच,” सर म्हणाले.

“हो सर. आता मागे जायचं.” मी बाणाकडे हात नेला आणि थांबले. “मी नको. खोडरबर, तू ये. खोडण्यात तुझा हात कोण धरणार?”

ती पुढे आली. बोट बाणावर ठेवलं, पण दाबेना.

“आणखीन काही गेलं तर?”

“याहून काय जायचं राहिलंय?” मोठे सर म्हणाले. “दाब.”

तिने दाबलं. एक ठिपका गेला. पुन्हा दाबलं, आणखी एक. कोपऱ्यातला घोळका विरळ होत गेला. सासूबाईंच्या कडेवरून बोका पुढे झुकून बघत होता, आपलंच काम कोणीतरी उलटं करतंय हे त्याला कळलं असावं, कारण त्याने भुवया उंचावल्या होत्या. पडदा जवळजवळ रिकामा झाला. उरली ती रेघ, दोन बिंदू. अजूनही वर्तुळ नव्हतं.

तिने पुन्हा दाबलं.

तिसरं टोक आलं, आणि त्याच क्षणी त्याच्या जोरावरचं सगळं एकदम आलं: दोन बाजू, लंबदुभाजक, मधला बिंदू, आणि तिन्ही टोकांना धरून मोठं, गोल, निळं वर्तुळ.

“बॉ,” बोका म्हणाला.

तिने आणखी एकदा दाबून बघितलं. बाण फिका पडला होता. याच्या मागे काही नव्हतं. मी उघडलं तेव्हा जे होतं ते हेच.

मला खुर्ची हवी होती, पण ती आणायचं कोणाला सुचेना, म्हणून मी बाबागाडीचा दांडा धरला.

सर वाकले. चष्मा कपाळावर चढवला. मग खडूचं बोट सदऱ्याला पुसून त्यांनी एक टोक धरलं आणि ओढलं. वर्तुळ मागे आलं. दुसरं टोक ओढलं, लांब, खोलीबाहेर काढायचं असल्यासारखं. वर्तुळ मोठं मोठं होत गेलं आणि त्याने टोक सोडलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी हळू ओढलं, कोन रुंद रुंद करत, आणि केंद्र सरकत सरकत बाजूपाशी आलं.

“आता?” त्यांनी न वळता विचारलं. “आणखी ओढलं तर केंद्र कुठे जाईल?”

“त्रिकोणाबाहेर,” खोडरबर म्हणाली. “कोन काटकोनापेक्षा मोठा झाला की बाहेर जातं. काटकोनाला बरोबर बाजूवर असतं.”

सरांनी ओढलं. केंद्र बाहेर गेलं. त्यांनी परत आत आणलं, पुन्हा बाहेर नेलं. मला वाटतं तिसऱ्यांदा त्यांनी ते परीक्षेसाठी केलं नाही.

“आणि या काय आहेत?” ते एकदम म्हणाले. बोट पडद्याजवळ नेऊन ते फिक्या, करड्या रेघा दाखवत होते. मीही त्या आत्ताच बघितल्या. प्रत्येक कोनातून आत आलेली एक, आणि त्या भेटत होत्या तिथे एक छोटं करडं वर्तुळ, त्रिकोणाच्या पोटात.

खोडरबरचे कान लाल झाले. “त्या चुकल्या होत्या, सर. आधी मी कोनदुभाजक काढले. ते वर्तुळ आतच राहिलं, टोकांना शिवेचना. ओढून बघितलं तरी नाही. मग मी विचार केला की टोकांपासून सारखं अंतर पाहिजे, बाजूंपासून नाही. म्हणून मग लंबदुभाजक.”

“मग पहिल्या रेघा खोडल्या का नाहीस?”

“त्या कोणाच्या वाटेत येत नव्हत्या, सर. नुसता रंग फिका केला. कुठून आले ते दिसावं म्हणून.”

मोठे सर सरळ उभे राहिले. माझ्याकडे बघितलं नाही, ते बरं केलं, कारण माझे डोळे त्या वेळी बघण्यासारखे नव्हते.

“मॅडम,” ते म्हणाले, “मी काय म्हणालो होतो, पडद्यावर खाडाखोड दिसत नाही?”

“म्हणाला होतात, सर.”

“दिसते. ठेवणारा हवा.” त्यांनी कंपास उचलला. “नक्कल करणारा दुसऱ्याची चूक जपून ठेवत नाही, हे तिचंच आहे. पूर्ण मार्क टाका, नाव मी घालतो.” दाराशी जाऊन ते वळले. “पूर्ण गणिताला पुढच्या वर्षी मीच आहे. माझ्याकडे कागदावरही अशाच फिक्या रेघा काढायच्या. भोक पाडायचं नाही. कळलं?”

“हो, सर.”

“आणि त्या बाळाला शाळेत घालताना मला सांगा. माझ्या निवृत्तीनंतर घाला.”

त्यांचं पाऊल व्हरांड्यात बाईंच्या खोलीकडे वाजत गेलं. खोडरबर तशीच उभी होती. मग तिने हातातल्या दोन्ही वेण्या सोडल्या, पालथं मनगट एकदा डोळ्यांवरून फिरवलं आणि म्हणाली, “मॅडम, बाबांना फोन करू? ते आज एका घरी फरशी घालताहेत, उचलणार नाहीत, तरी करते.”

त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. पोरगी पडद्याकडे पाठ करून बोलत होती. “हो बाबा, मिळालं. पूर्णच. नाही, रडत नाहीये.” मग बराच वेळ नुसतं ऐकत होती. पलीकडून काय येत होतं ते मला कळलं नाही, पण कोणीतरी हातोडी खाली ठेवल्याचा आवाज आला.

शेवटची घंटा झाली. फोन ठेवून ती बोक्याजवळ गेली. तो अजून पडद्याकडेच हात पसरत होता. तिने लॅपटॉपवर एक नवं, कोरं पान उघडलं, त्यावर एक वर्तुळ काढलं, त्यात लाल रंग भरला आणि त्याचा तळवा धरून त्यावर ठेवला. “घे, हा तुझा,” ती म्हणाली. “हा कितीही फोड.”

त्याने मनापासून थापट्या मारल्या. ठिपकेच ठिपके. त्या दोघांकडे बघत मी बराच वेळ डबा खात बसले. भाजी गार झाली होती, पण भूक अशी लागली होती की काही सांगू नका.

सासूबाई बाकावर टेकल्या होत्या. चप्पल काढून पाय चोळत होत्या. त्यांचा दुसरा हात मात्र अजून लॅपटॉपच्या पडद्यामागे होता, झाकण पडू नये म्हणून धरलेला. वाटेत पायऱ्यांवर धरला होता तसाच.

“अगं,” त्या म्हणाल्या, “झालं ना सगळं? आता मिटू का?”

“मिटा, आई,” मी म्हटलं.

त्यांनी दोन बोटांनी झाकण हलकेच खाली आणलं, झोपलेल्या पोराचं दार लावावं तसं, आणि मग हात मोकळा करून बोटं एकदा उघडमिट करून बघितली.